न पाहिलेल्या जागेचं चित्र

साताऱ्यातला माझा स्टुडिओ एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता. स्टुडिओ हा शब्द माझा एकट्याचा. घरमालक त्याला पेंटरची खोली म्हणायचा आणि खालचा गिरणीवाला नाकाला उपरणं लावून ‘वरचा वास’ म्हणायचा. अळशीचं तेल, टर्पेंटाइन आणि सरस यांचा वास जिना उतरून खाली जायचा आणि खालचं पीठ जिना चढून वर यायचं. ओल्या रंगावर पीठ बसू नये म्हणून मी चित्रं भिंतीकडे तोंड करून वाळत ठेवायचो. मुंबईच्या चित्रशाळेत चार वर्षं घासून आलेल्या माणसाची चित्रं अशी शिक्षा झाल्यासारखी उभी, याचा मला फार राग यायचा. राग मला त्या दिवसांत सगळ्याचाच यायचा.

लढाईच्या आधी सांगलीच्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून माझं बरं चाललं होतं. राजवाडा, जंगल, देऊळ आणि रस्ता, एवढे चार पडदे असले की कुठलंही नाटक उभं राहायचं. मग बोलपट आले आणि कंपन्या एकेक करून बसल्या. सांगलीच्या पेठेतल्या एका वखारीत माझा जंगलाचा पडदा हळदीच्या पोत्यांखाली अंथरलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. वखारीचा मालक, हळदीचा व्यापारी, नाटकवेडा होता. मला म्हणाला, “ओल लागत नाही हो पोत्यांना, फार उपयोगी पडदा आहे.” मी हसलो. दुसरं काय करणार होतो?

पुढे मला काम दिलं ते लढाईनं. हे वाक्य लिहिताना आजही ओशाळल्यासारखं होतं, पण खरं ते खरं. कोरेगाव, रहिमतपूर, उंब्रज, कुठून कुठून माणसं जिना चढून यायची. घरटी एखादा पलटणीत होताच. त्यांच्या हातात सरकारी कागद असायचा, इंग्रजीतला. तो बहुधा गावच्या मास्तरांनी वाचून दाखवलेला असे, तरी पुन्हा माझ्याकडून वाचून घ्यायचे. न जाणो, मास्तर चुकला असला तर. मी वाचायचो. मास्तर चुकलेला नसायचा. मग ते म्हणायचे, पोराची तसबीर काढून पाहिजे.

फोटो क्वचित असायचा. कॅमेऱ्यापुढे एकदाही उभं न राहता गाव सोडलेली पोरं ती. त्यांची तसबीर काढायची मी एक रीत बसवली होती. गेलेल्या मुलाशी तोंडावळा जुळणारं घरातलं कुणीतरी समोर बसवायचं आणि आईला माझ्या पाठीमागे. मी काढत जायचं, तिनं सांगत जायचं. नाक बसकं करा. डावी भुवई तुटकी हाय, लहानपणी गव्हाणीवर पडला हुता. ओठ ह्ये न्हवंत. भाऊ समोर असला तर काम सोपं जाई. बाप असला तर चेहऱ्यावरची वीस-पंचवीस वर्षं खरवडून काढावी लागत.

उंब्रजच्या पुढे कृष्णाकाठच्या एका गावातून एक बाई आली. घरचा ऊस, दोन बैलजोड्या, खाऊनपिऊन सुखी घर. नवरा पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला, पेन्शनीत निघालेला. गाव त्याला आबा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. बाईला मी मावशी म्हणे. त्यांचा एकुलता मुलगा आदल्या उन्हाळ्यात इटलीत पडला होता. फोटो नव्हता, भाऊ नव्हता आणि आबांची गालफडं पार आत गेलेली. तोंडावळा होता तो धाकट्या बहिणीचा. तिचं लग्न ठरलेलं होतं. त्या मुलीला मी आठ दिवस समोर बसवलं. पदर खाली घ्यायला लावला, केस मागे घट्ट बांधायला लावले आणि तिच्या चेहऱ्यावरून तिचा भाऊ काढला. मिशी मी माझ्या पदरची घातली. आठ दिवसांत पोरगी एक अक्षर बोलली नाही. तिला काय वाटत असेल हे मी विचारलं नाही, कारण दुपारी चारनंतर त्या खोलीतला उजेड जायचा.

नवव्या दिवशी मावशी माझ्या पाठीमागून उठून पुढे आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “व्हय. ह्योच.” आणि मटकन खाली बसून रडू लागल्या. माझ्या डोळ्यांतही पाणी आलं, नाही असं नाही. पण त्याखाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते चक्क आनंदासारखं होतं. न पाहिलेला माणूस मी पाहिल्यासारखा काढला होता. गावोगाव तसा बोलबाला झाला आणि मी हवेत चालू लागलो. न पाहिलेलं काढायची ती खोड मला तिथं लागली.

लढाई संपल्यावर सांगलीच्या त्या हळदीच्या व्यापाऱ्यानं नवा दिवाणखाना बांधला. त्याला भिंतीवर इटलीतल्या जुन्या चित्रांच्या नकला हव्या होत्या, आणि त्याही छापील नव्हे, हातानं काढलेल्या. फ्लॉरेन्सला जाऊन त्या करून आणायच्या, जाण्यायेण्याचं आणि तिथल्या राहण्याचं तो बघणार. अशी संधी माझ्यासारख्याला सात जन्मांत मिळत नाही. मी साताऱ्यात येऊन सगळ्यांना सांगत सुटलो. बातमी उंब्रजच्याही पुढे पोचली आणि एक दिवस मावशी आणि आबा जिना चढून वर आले.

मावशींनी पिशवीतून तो सरकारी कागद काढला. त्यावर गावाचं नाव होतं. मी नकाशा उलगडला. फ्लॉरेन्सपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, एका नदीच्या काठी. बोट ठेवून दाखवलं. त्यांनी त्या जागेवर स्वतःचं बोट टेकवलं आणि उचललंच नाही.

“पेंटर, तुमी तिकडं जाताय,” त्या म्हणाल्या, “तर त्याचं ठिकाण बघून या. सरकारनं नुस्तं मेला म्हणून लिवलंय. फुडं काय केलं, कसं केलं, कायबी न्हाई. त्याचं नीट केलं का न्हाई, तेवढं डोळ्यानं बघून या.”

आबा म्हणाले, “तिला रातच्याला झोप लागत न्हाई वं. दुसरं कायबी आणू नगा.”

मी म्हणालो, “मावशी, नुसतं बघून नाही येत, ती जागा काढूनच आणतो. तुमच्या घरात लावा.” पोराचं नीट केलं का, हे त्या बाईनं विचारलं होतं. मी चित्रकार, मला त्यातली फक्त जागा दिसली. दिवाणखान्याच्या चित्रांबरोबर हेही एक काढून टाकू, असा हिशेब मी तिथल्या तिथे मनात करून टाकला. त्यांनी माझ्या हातावर दही घातलं, सोबत बोटीवर खायला तिळाच्या पोळ्या दिल्या.

इटलीबद्दल मी नंतर पुष्कळांना पुष्कळ सांगितलं. लोकांना संगमरवर आणि घुमट ऐकायचे असत, ते मी सांगत असे. खरं म्हणजे मला जे आठवतं ते थंडी, भूक आणि धूळ. नेपल्सच्या बंदरात अर्धी बुडालेली जहाजं तशीच पडून होती आणि आमची बोट त्यांच्यामधून वाट काढत धक्क्याला लागली. फ्लॉरेन्सच्या नदीवरचे पूल उडवलेले होते, एकच जुना शिल्लक होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना पडक्या घरांचे ढीग. पावासाठी रांगा. कोळसा नाही. माझी घरमालकीण विधवा होती. संध्याकाळी ती चेस्टनटच्या पिठाची जाड पेज करायची आणि आम्ही दोघं अंगात कोट घालून ती चुलीजवळ बसून खायचो. तिला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची फक्त बाजारापुरती. त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

चित्रसंग्रहालयात निम्म्या दालनांना कुलपं होती. लढाईत लपवून ठेवलेली चित्रं हळूहळू परत येत होती. व्यापाऱ्यानं निवडलेल्या चित्रांत एक होतं मांडीवर बाळ घेतलेल्या आईचं. त्याचा छापील नमुना मी मुंबईच्या दिवसांपासून उशाशी ठेवून झोपलेला. डोळे मिटून काढून दाखवीन अशी घमेंड होती. मूळ चित्रासमोर उभा राहिलो आणि ती घमेंड तिथंच उतरली. त्या निळ्यात काळोख होता, तो छपाईत कधी आलाच नव्हता. गालावरची कातडी खालून उजळत होती. वर पातळ रंगाचे किती थर असतील, मोजता येईनात. छापील चित्रांवर पोसलेला माणूस मी. माझ्या वयाच्या पस्तिशीला मला कळलं की आजवर जे काढत आलो त्याला रंगकाम म्हणतात. फळं घ्यायला गेलेल्या माणसाला आपण आजवर मेणाची फळं खात होतो हे कळावं, तसं झालं. पहिले आठ दिवस मी ब्रश हातात घेतला नाही. नुसता बाकावर बसून राहायचो, आणि राखणदार मला वेडा समजून लांबून जायचा.

मग मी त्या गालाच्या मागे लागलो. दालनात बसून नक्कल करायची परवानगी ठरावीक मुदतीची होती. सकाळी दार उघडायला मी, संध्याकाळी घंटा झाली की शेवटचा बाहेर पडणारा मी. काढायचो, पुसायचो, पुन्हा काढायचो. मावशींचा कागद कोटाच्या आतल्या खिशात होता. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मी मनाशी म्हणायचो, आणि ते खरंच म्हणायचो. एकदा बर्फ पडलं. एकदा त्या बाजूची रेल्वे बंद आहे असं कळलं आणि मला बरं वाटलं. हे बरं वाटणं मी त्याच वेळी ओळखायला हवं होतं.

शेवटी एके सकाळी मी निघालो. हातात तिकीट, काखेत वही, स्टेशनवर लाकडी बाकावर बसलो. दहा दिवस शहरावर धुकं होतं, दालनात धड उजेड नव्हता. गाडी यायला थोडा अवकाश होता आणि समोरच्या पडक्या भिंतीवर एकदम ऊन आलं. स्वच्छ, कोवळं. माझ्या मनात पहिलं काय आलं? आत्ता तो गाल कसा दिसत असेल. परवानगीचे पाचच दिवस उरले होते. मी उठलो, बाहेर पडलो आणि जवळजवळ पळत संग्रहालयात गेलो. मागे गाडीची शिट्टी ऐकली. त्या दिवशी गाल साधला. सगळ्या आयुष्यात मला साधलेला तो एकच गाल, आणि आज तो सांगलीत हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी आहे. नातवंडं त्यावर चेंडू मारतात असं ऐकलं.

नंतरचे दिवस कसे गेले कळलं नाही. बोटीची तारीख येऊन ठेपली. तिकिटाच्या दगदगीत मला त्या गावी जाणं आता शक्यच नव्हतं, आणि रिकाम्या हातानं परत जायची माझी छाती नव्हती. माझी घरमालकीण दर रविवारी नवऱ्याच्या थडग्यावर पाणी आणि फुलं घेऊन जायची. मी तिच्याबरोबर गेलो. टेकडीच्या उतारावरचं कब्रस्तान, काळपट हिरवी उंच सुरूसारखी झाडं, मागे निळे डोंगर. कोपऱ्यातला एक साधा दगड निवडला आणि दोन दिवस तिथं बसून मी चित्र काढलं. चित्रात दगडावरचं मूळ नाव मी गाळलं आणि तिथं मावशींच्या मुलाचं नाव घातलं, इंग्रजीत, कागदावर होतं तसं. डोंगर थोडे आपल्यासारखे सपाट माथ्याचे केले. सहा महिने त्या आईच्या चित्रापुढे बसून हात तयार झालेला होता. चित्र उतरलं सुंदर. घरमालकिणीनं विचारलं, “हा तुझा कोण?” मी म्हटलं, दोस्त. तिनं छातीवर क्रूस केला आणि आपल्या फुलांतली दोन त्या परक्या दगडापुढे ठेवली.

दगडाबद्दल मला शंका कशी आली नाही, असं नंतर मला पुष्कळदा वाटलं. साताऱ्याच्या कॅम्पात गोऱ्या सोल्जरांचं कब्रस्तान आहे. लहानपणी त्याच्या भिंतीवर बसून आम्ही थडग्यांवरची नावं वाचायचो. पलटणीतला माणूस परमुलखात मेला की सरकार त्याला दगड लावतं, एवढं माझ्या डोक्यात तेव्हापासून घट्ट बसलेलं. मी ब्रश हातात घेतलेला गाढव होतो, दुसरं काही नाही.

परत आलो तेव्हा वैशाख होता. राज्य बदलायच्या गोष्टी चालल्या होत्या, लोक दुसऱ्याच नादात होते. मी चित्र कापडात गुंडाळून उंब्रजची मोटार धरली आणि पुढे गाडीवाटेनं त्यांच्या घरी गेलो. मावशींनी पुरणाचा घाट घातला होता. माझ्या पोराच्या ठिकाणावरनं माणूस आला म्हणून त्यांनी माझ्या पायावर पाणी घातलं. मी पाय मागे घेतला नाही.

जेवण झाल्यावर सोप्यात चित्र उघडलं. आजूबाजूची चार माणसं जमली होती. मावशी चित्रासमोर बसल्या. झाडं बघितली, डोंगर बघितले. बोट दगडाजवळ नेलं, पण लावलं नाही.

“ह्यो दगुड कशाचा?”

“त्याच्या नावाचा आहे, मावशी. हे त्याचं नाव लिहिलंय.”

“ह्याच्या खाली त्यो हाय?”

मी म्हणालो, “हो.”

त्या नवऱ्याकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, “म्हंजी मातीत घातला व्हय त्याला? आग न्हाई दिली?”

आबा घसा खाकरून म्हणाले, “आगं, लढाईत लाकडं मिळत्यात व्हय? बसऱ्याला आमी सोताच्या हातानं किती जणं वाळूत घातली. इलाज नसतू.” ते समजूत घालायला बोलले, पण त्यामुळे माझा दगड पक्का झाला.

मावशी म्हणाल्या, “तीन वर्सं मी पितरपाटाला त्याचं पान वाढलं. कावळा शिवला की वाटायचं, पोचलं. आग न मिळालेल्याला पान पोचतंय व्हय? मग ते कुणी खाल्लं वं?”

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. मावशी, मी तिथं गेलो नाही, हे सगळं खोटं आहे. पाच-सहा शब्दांचं काम. पण जमलेली माणसं माझ्याकडे बघत होती, तोंडाला पुरणाची चव होती, पायावर त्यांनी घातलेलं पाणी अजून जाणवत होतं. मी मूग गिळून बसलो. परतीची मोटार चुकेल म्हणून उठलो. मावशी दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “तुमी म्हनून कळलं. न्हाईतर आमी मरस्तवर आंधळंच राहिलो असतो.”

साताऱ्यात आल्यावर मला काम सुचेना. खाली गिरणी सुरू झाली की पायाखालची जमीन थरथरायची आणि मी खुर्चीत बसून राहायचो. महिनाभरानं रहिमतपूरचा एक हवालदार आला. त्याला पदकं लावून स्वतःची तसबीर काढून घ्यायची होती. बसल्या बसल्या त्याचं लक्ष भिंतीवरच्या एका छोट्या फळीकडे गेलं. कब्रस्तानाच्या त्या चित्राचा रंगवलेला कच्चा नमुना मी तिथं टांगून ठेवला होता.

“ह्ये कुठलं, पेंटर?”

“इटलीतलं. आपल्या एका जवानाची जागा.”

तो मोठ्यांदा हसला. “आपल्याला कसला दगुड? आमी आमची माणसं जाळली की.”

मी ब्रश खाली ठेवला. मुलाची पलटण सांगितली, त्या गावाचं, नदीचं नाव सांगितलं. तो हसायचा थांबला.

“त्याच पलटणीत हुतो की मी. त्या नदीवर लय पडली आमची पोरं. तिथं लाकडाला तोटा न्हवता. तोफांनी समदी घरं उडवलेली. आमी तुळया वडून आणल्या, दारं आणली, एकाच्या घरातला भला थोरला पलंग मोडला. समद्यांना रीतसर आग दिली. पलटणीच्या पंडितानं मंतर म्हटलं. राख नदीत सोडली. एकबी मातीत घातला न्हाई, शपथेवर सांगतो.”

त्याची तसबीर तशीच टाकून मी दुसऱ्या दिवशी पहिली मोटार धरली. वाटेत मला आनंद झाला होता हे कबूल करतो. आता तोंड काळं होईल, होऊ दे. पण त्या बाईला तिचा मुलगा परत नाही तरी त्याची आग परत देता येईल. बोलायची वाक्यं मी मोटारीत पाठ केली.

घरी कुणी नव्हतं. गेलेल्या मुलाची बहीण तेवढी होती, माहेरपणाला आलेली. तिनं नदीकडे हात केला. नदीवर गेलो तर काठावर चिता रचलेली. ज्याला आग मिळाली नाही त्याच्यासाठी आपल्याकडे पळसाच्या देठांचा आणि दर्भाचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याचं दहन करतात. तो माणूस लाकडांवर निजवलेला होता. बायका स्मशानात येत नाहीत, पण मावशी आल्या होत्या; त्यांना कुणी अडवलं नव्हतं. त्यांच्या मांडीवर माझं चित्र होतं.

मी सगळ्यांदेखत सांगितलं. मी त्या गावी गेलो नव्हतो. दगड दुसऱ्या कुणाचा आहे. हवालदार असं असं म्हणाला. तुळया, दारं, पलंग, पंडित, नदीतली राख, सगळं सांगितलं.

मावशींनी ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. “तुमी लय भलं माणूस हाय,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी माझं तोंड बघितलंसा, तवापास्नं तुमच्या जिवाला लागलंय, व्हय ना? म्हनून आता माझं मन राखायला सोताला खोटं पाडून घेताय. नगा, पेंटर. तुमी डोळ्यानं बघितलंय तेच खरं.”

“मावशी, मी बघितलंच नाही!”

“आवं, झाडाचं पान न् पान काढलंय तुमी. न बघता असं निघतंय व्हय?”

मी शपथा घातल्या. हवालदाराला घेऊन येतो म्हणालो. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या; हवालदारालाही मीच पढवला असता, असं त्यांना वाटत असावं. आबांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. बसऱ्याला जाऊन आलेला माणूस, त्याला खोटं आणि खरं यातला फरक कळत होता.

“गेला न्हवता न्हवं?”

“नाही, आबा.”

“आन् हवालदाराचं खरं हाय?”

“खरं आहे.”

म्हातारा वाळूत बसला. तोंडावर धोतराचा सोगा धरून रडला. सुटल्यासारखा रडला. मग डोळे पुसून बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, “माझं पोरगं सुटलं. हिला कोन सोडवनार आता? मी सांगितलं तर म्हनंल, ह्योबी मन राखतूय.” मला मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मारलं नाही, शिवीही दिली नाही. उठून चितेकडे गेले.

मावशी उठल्या होत्या. त्यांनी दर्भाच्या माणसाच्या छातीवर माझं चित्र ठेवलं. भटजी म्हणाले, याची जरूर नाही. मावशी म्हणाल्या, “ह्यातच हाय त्यो. नुस्तं गवत जाळून काय व्हायाचं? ह्याच्या खालनं त्याला काढाय पायजे.” आबांनी अग्नी दिला. का दिला, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं.

पळस आणि दर्भ पटकन पेटले. कॅनव्हासच्या कडा काळ्या होऊन वळल्या. तेलाचा काळा धूर निघाला. झाडं गेली, डोंगर गेले. दगडावर मी सफेदा जाड दिला होता, चाकूनं थापून, ऊन पडल्यासारखं दिसावं म्हणून. सफेदा लवकर जळत नाही. कापड खालून जळालं तरी तेवढा तुकडा निखाऱ्यांवर तसाच राहिला, आणि त्यावरचं नाव दिसत होतं.

मावशी वाट बघत होत्या. बरीच वाट बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पेंटर, त्यो दगुड हालंना वं.” आणि एक बांबू उचलून माझ्या हातात दिला.